पंचविशीतला हात

ऑपरेशन होऊन दीड-दोन वर्षं उलटली की आईवडिलांचे प्रश्न बदलतात. आधी असतं, "हात हलेल ना?" मग, "तोंडापर्यंत जाईल ना?" आणि एकदा बाळानं त्याच हातानं बिस्कीट तोंडात कोंबलं, की पुढच्या खेपेला निघता निघता, चपला घालताना विचारलं जातं, "मॅडम, मोठेपणी कसा राहील हो हा हात?" बाबांच्या प्रश्नात नोकरी असते, आजीच्या प्रश्नात लग्न. आईच्या मनात काय असतं ते तिचं तिलाच माहीत. ती बहुतेक वेळा विचारतही नाही, नुसती थांबते.

चपला घालता घालता याचं उत्तर देता येत नाही. म्हणून आज जरा बसून बोलू या. मी नाशकात फिजिओथेरपी करते. जन्मताना खांद्याच्या नसा ओढल्या गेलेली मुलं माझ्याकडे येतात, आणि त्यातली काही आता मुलं राहिलेली नाहीत. कॉलेजला जातात, गाडी चालवतात, एकीला स्वतःचं बाळ आहे. आज जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं मी त्यांच्याकडूनच शिकले.

ज्यांच्या घरात हे नुकतंच घडलंय त्यांच्यासाठी आधी थोडं. मानेतून निघणारी नसांची पाच मुळं एकमेकांत गुंफून हातात उतरतात. प्रसूतीत डोकं बाहेर येतं आणि खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडामागे अडकतो, तेव्हा मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला जातो. ही मुळं ओढली जातात, कधी तुटतात, कधी मणक्यातूनच उपटून निघतात. बाळ वजनदार असेल, आईला साखर असेल तर धोका वाढतो. पण बेताच्या वजनाच्या बाळालाही हे होतं. हजार जन्मांमागे साधारण एक-दोन बाळं. "शीर दबलीय, होईल बरं" असं सांगून घरी पाठवतात, आणि खरंच बरीचशी बाळं आपली आपण सुधारतात. मात्र पूर्वी छातीठोकपणे सांगायचे तशी शंभरातली नव्वद नव्हेत. जगभरचे अभ्यास नीट तपासले तेव्हा शंभरात वीस ते तीस जणांच्या हातात कायमची उणीव राहिलेली दिसली.

पॅरिसच्या अलेन जिल्बेर यांचा ठोकताळा आजही चालतो: तीन महिन्यांपर्यंत कोपर वाकवणारा बायसेप्स जागा झाला नाही, तर सर्जनला दाखवा. मालीशवाल्या मावशींच्या भरवशावर तीन महिने, मग "अजून थोडं बघू" म्हणत नऊ महिने, हे मी फार पाहिलंय. मावशींवर माझा राग नाही; दिवस घालवण्यावर आहे. नसेविना राहिलेला स्नायू साधारण दीड-दोन वर्षांत नस स्वीकारेनासा होतो. ऑपरेशनमध्ये पोटरीतली सुरल नावाची नस काढून तिचे तुकडे मानेत जोडतात, किंवा शेजारची चालू नस वळवून घेतात. जोडलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकते. पुढे बऱ्याच मुलांना, खांदा बाहेर वळावा म्हणून पाठीचा स्नायू फिरवून लावायचं दुसरं ऑपरेशन लागतं. मुंबईत डॉ. मुकुंद थत्ते यांच्यासारख्या सर्जननी या बाळांवर वर्षानुवर्षं काम केलंय, लिहिलंय. नाशिकची किती तरी कुटुंबं कुशीत बाळ आणि पिशवीत एक्स-रे घेऊन पहाटे पंचवटी एक्स्प्रेस गाठतात.

आता मोठेपणाचं. ग्लासगोच्या रॉबर्ट केनेडी यांनी १९०३ मध्येच अशा ऑपरेशनांवर लिहिलं होतं. पण त्या काळात निकाल बेताचे आणि तान्ह्या बाळाला भूल देणं जिवावरचं, त्यामुळे मधली काही दशकं सर्जन त्या वाटेला फारसे गेले नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली नसा जोडणं जमू लागलं तेव्हा, १९७० च्या दशकात, हे काम पुन्हा सुरू झालं. म्हणजे या शस्त्रक्रियेची पहिली मोठी पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे. सत्तरीत हा हात कसा असतो, ते सांगायला ती अजून तिथं पोचायची आहे.

फिनलंडच्या डॉक्टरांनी एक चांगलं काम केलं. हेलसिंकीत १९७१ ते १९९८ या काळात ऑपरेशन झालेल्या १२४ जणांना त्यांनी परत बोलावलं, ११२ आले. ऑपरेशनला सरासरी तेरा वर्षं झाली होती. दर तिघांतले जवळजवळ दोघे हाताच्या कामावर समाधानी होते. दर तिघांतल्या एकाला रोजच्या कामांत कुणाची तरी मदत लागत होती, आणि साधारण तेवढ्याच जणांचा हात दुखत होता. ही सगळी वाक्यं एका दमात वाचा. आशावादी बाबा पहिलं घेऊन घरी जातात, घाबरलेली आजी दुसरं, आणि रात्री त्यावरून घरात वाद होतो.

हात अगदी दुसऱ्यासारखा होईल असं कुणी म्हणालं, तर त्याला पुन्हा एकदा विचारा. तो कामाचा होतो, कुणाचा जास्त, कुणाचा कमी. लांबीला थोडा आखूड राहतो, कोपर पूर्ण सरळ होत नाही, खांदा आत वळलेला असतो. घास तोंडाकडे नेताना कोपर बाजूला वर उचललं जातं. डॉक्टर त्याला तुतारीची खूण म्हणतात, कारण तुतारी फुंकणाऱ्याचं कोपर असंच वर असतं. आणि तळवा आकाशाकडे वळत नाही. ही शेवटची अडचण कागदावर किरकोळ दिसते. आपल्या घरात ती सत्यनारायणाला कळते. गुरुजी पळी पुढे करतात, सगळे तळहात पसरतात, आणि या मुलाचा तळवा अर्ध्यावर आडवाच थांबतो. तीर्थ मनगटावरून ओघळून शर्टाच्या बाहीत जातं. रामकुंडावर ओंजळीनं पाणी सोडायचं म्हटलं तर ओंजळच होत नाही. दुकानदार सुटे पैसे देतो ते खाली पडतात. एका मुलानं मला सांगितलं, "मॅडम, मी सुटे घेतच नाही, यूपीआय करतो." त्याच्यापुरता प्रश्न सुटला.

त्यातून हा हात बऱ्याचदा उजवा असतो. पोटातल्या बाळाची ठेवण बहुतेक वेळा अशी असते, की उजवा खांदा पुढं येऊन अडकतो. मग आपल्याकडची सगळी "उजव्या हातानं घे" सुरू होतात: प्रसाद, अक्षता, पंगतीतलं जेवण. ज्यांचा उजवा हात असा आहे ती मुलं जवळपास सगळी डावखुरी होतात; फिनलंडमध्येही बाधित हातानं लिहिणारे-जेवणारे अगदी मोजके निघाले. मेंदूनं आपला हात निवडलेला असतो. तेव्हा पंगतीत कुणी काका टोकले तर काकांना तुम्ही गप्प करा, मुलाला नव्हे. अधू हाताला मदतनीसाचं काम द्या: वही दाबून धर, डब्याचं झाकण धर, पोळी लाटताना पोळपाट धर. येवल्यात संक्रांतीला पतंग उडवतात तेव्हा मांज्याची आसारी धरायलाही कुणीतरी लागतंच. पण "त्याच हातानं लिही" म्हणून हट्ट धरू नका. तो हट्ट कुणाचा आहे हे मुलांना बरोबर कळतं.

दिंडोरीकडचा एक तरुण. घरची द्राक्षबाग. आठव्या महिन्यात नसांचं ऑपरेशन, चौथ्या वर्षी खांद्याचं. सर्जनच्या हिशोबानं निकाल उत्तम: हात तोंडापर्यंत जातो, खांद्याच्या उंचीपर्यंत उठतो. घरच्यांनी फाइल बंद करून कपाटात ठेवली. मग तो बागेत उतरला. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड दिसू लागले की विरळणी येते, आणि विरळणी म्हणजे मांडवाखाली दिवसभर मान वर आणि हात डोक्यावर. एक हात खांद्याच्या वर जात नाही म्हटल्यावर सगळं काम दुसऱ्यानं. दुखणं घेऊन तो माझ्याकडे चोविसाव्या वर्षी आला, तेव्हा त्याचा चांगला खांदा दुखत होता.

हे नीट ऐका, कारण ऑपरेशनच्या वेळी याबद्दल क्वचितच कुणी बोलतं. मोठेपणी त्रास बहुधा तिथूनच सुरू होतो जिथे आपण पाहत नव्हतो: चांगल्या हाताचा खांदा आणि मनगट, मान, पाठ, कण्याला आलेला थोडा बाक. आणि मग आत वळून वाढलेल्या खांद्याचा सांधा, जो लवकर झिजतो. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा मोठ्या माणसांनी सांगितलं, की वय वाढलं तसा त्रासही वाढला. अशा पाहण्यांना उत्तरं देणारे जास्त करून त्रास असलेलेच असतात, हे धरूनही मी ती गंभीरपणे घेते. दिलाशाची गोष्ट एवढी, की मोटरसायकल अपघातात याच नसा उपटल्या गेलेल्या माणसांना जी जळजळती, झोप न येऊ देणारी वेदना होते, ती जन्मताना इजा झालेल्यांत सहसा दिसत नाही. यांचं दुखणं बहुतेक स्नायूंचं आणि सांध्यांचं असतं, आणि त्यावर उपाय करता येतो.

त्या तरुणानं उपाय स्वतःच काढला. विरळणीला लाकडी घडवंचीवर उभा राहू लागला, म्हणजे घड डोळ्यांसमोर येतात. काढणीच्या दिवसांत तो पॅकहाउसमध्ये टेबलाशी असतो, निवड आणि वजनकाटा सांभाळतो. तिथलं काम कंबरेच्या उंचीवर. मी फक्त पाठीच्या फऱ्याचे व्यायाम दिले आणि सलग दोन तासांच्या वर हात वर ठेवायचा नाही असं बजावलं. त्याच्या वडिलांना मात्र एक गोष्ट बोलले: हे सगळं अठराव्या वर्षी ठरवता आलं असतं. मुलगा कुठलं काम करणार याचा विचार करताना हात "किती उचलतो" यापेक्षा "दिवसभर किती वेळ उचलावा लागेल" हे विचारा. वायरिंग, रंगकाम, छताचं प्लास्टर यांत त्रास होणार. लेथ, संगणक, हिशोब, शिकवणं, दुकान यांत फारसा नाही. अर्थात मुलाला वायरिंगच आवडत असेल तर तुम्ही आणि मी कोण अडवणारे. निदान पुढं काय आहे ते त्याला कळू तरी द्या.

मुलींचं आणखी एक असतं, आणि ते बाबांसमोर निघत नाही. हात मानेमागे जात नाही म्हणून वेणी आई घालते, आणि घालतच राहते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत. मागचा हूक लागत नाही. साडीच्या निऱ्या जमतात, पदर मागून घेताना अडतं. एक मुलगी पुण्याला होस्टेलला गेली आणि पहिल्याच आठवड्यात केस मानेपर्यंत कापून आली. आई रडली. मुलगी म्हणाली, "आता माझे मी विंचरते." पुढून हूक असलेले कपडे बाजारात मिळतात. ओढून घालायचे कुर्ते मिळतात. बारा-तेराव्या वर्षीच आणून ठेवा, न बोलता. हॉलिवूडचा नट मार्टिन शीन याचा डावा हात जन्मताना चिमट्यानं दुखावला. तो कोट डोक्यावरून उलटा फिरवून अंगात घालतो. मालिकेत अमेरिकेच्या अध्यक्षाची भूमिका करतानाही त्यानं तो तसाच घातला, आणि लोकांना ती ऐट वाटली.

याच्या अगदी उलट उदाहरण जर्मनीचा शेवटचा सम्राट दुसरा विल्हेल्म. २७ जानेवारी १८५९ ला तो पायाळू जन्मला, डावा हात लुळा. मग काय काय झालं त्या पोराचं! नुकत्याच मारलेल्या सशाच्या ऊबदार शरीरात तो हात गुंडाळून ठेवत, विजेचे झटके देत, मान सरळ राहावी म्हणून यंत्रात बांधत. चार वर्षांचा असताना मानेचा स्नायू कापायचं ऑपरेशनही झालं. मोठेपणी तो हात दुसऱ्यापेक्षा साधारण १५ सेंटिमीटर आखूड होता, आणि फोटोत तो कायम तलवारीच्या मुठीवर, हातमोजे धरलेला किंवा पाठीमागे. काही इतिहासकार त्या हातावरून थेट पहिल्या महायुद्धापर्यंत जातात. मी तितकं जाणार नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे घरचे अल्बम मी पाहिलेत. बारशाच्या फोटोत हात दुपट्यात, शाळेच्या फोटोत बेंचमागे, मुंजीत उपरण्याखाली. फोटो काढणाऱ्याला कुणी तरी सांगितलेलं असतं, "जरा या बाजूनं घ्या." मूल हे ऐकत असतं.

वयात येताना आणखी एक भानगड होते. उंची झपाट्यानं वाढते, हाड पुढं जातं, आखडलेला स्नायू मागे राहतो, आणि नेमका त्याच वर्षी पोरगा व्यायामाला नाही म्हणतो. तुम्ही रोज सकाळी मागे लागता, घर डोक्यावर येतं. पंधरा वर्षांच्या पुढच्या मुलांना मी एकट्याला आत घेते, आईबाबांनी बाहेर बसायचं. काही आयांना ते आवडत नाही. आत तो जे विचारतो ते बाहेर कधीच विचारत नाही: जिमला जाऊ का, बाइक येईल का, पोलीस भरतीत चालेल का. पोलीस भरतीचं उत्तर वाईट आहे आणि ते मी सरळ देते. बाइकचं बहुधा चांगलं असतं. हँडल, ब्रेक बदलून घेता येतात आणि अशा वाहनासाठी परवानाही मिळतो.

कायद्याकडे आईवडील फार उशिरा वळतात, "शिक्का नको" म्हणून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सरकारी उच्च शिक्षणसंस्थांत पाच आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे. सगळ्यांचा हात ४० टक्क्यांपर्यंत जात नाही, पण मोजून घ्यायला काय हरकत आहे? जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, त्यावर युडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र मिळतं. परीक्षेत लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा मिळण्याची तरतूद आहे. डावखुरं लिहायला शिकलेल्या, मान दुखणाऱ्या मुलाला ती वीस मिनिटं फार असतात. डॉक्टर व्हायचंय? "दोन्ही हात शाबूत हवेत" ही वैद्यकीय प्रवेशाची अट राज्यघटनेत बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलंय.

लग्नाचं विचारलं होतं ना आजींनी. हे आनुवंशिक नाही. ही जन्माच्या वेळची दुखापत आहे, रक्तातून पुढं जात नाही. स्थळाकडच्यांना हे डॉक्टरांच्या लेटरहेडवर लिहून हवं असेल तर मी खुशाल देते, जरी मागणाऱ्यांचा मला राग येतो. तुम्हाला दुसरं बाळ हवं असेल तर मात्र काळजी घ्या. एकदा खांदा अडकला त्या आईला पुढच्या खेपेला तो धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सांगा, साखर तपासून घ्या, प्रसूती कशी करायची ते आधी ठरवा.

आणि कुणी विशीतल्या मुलासाठी "स्टेम सेलनं नस उगवते" म्हणून लाखांचं पॅकेज सांगितलं तर पैसे घरी ठेवा. या इजेवर त्याचा भरवशाचा पुरावा नाही, आणि आपल्या देशाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे उपचार मंजूर चाचणीबाहेर विकताच येत नाहीत. हाड वळवून बसवणं, स्नायू फिरवणं, मनगट स्थिर करणं, हे मात्र मोठेपणीही होऊ शकतं. त्यासाठी सर्जनला आधी काय केलं होतं ते कळावं लागतं. इथेच सगळं अडतं. लहान मुलांची रुग्णालयं मोठ्यांना पाहत नाहीत. २०१३ पासूनचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही अठराव्या वर्षी हात सोडतो. मोठ्यांच्या ऑर्थोपेडिक ओपीडीत अशी इजा क्वचित दिसते. मुंबईत हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था सगळ्या वयांना घेते, पण तिथंही पहिला प्रश्न हाच: जुने कागद कुठे आहेत?

एक मुलगी आली होती, एकोणीस वर्षांची. दोन्ही पोटऱ्यांवर बारीक रेघा, दोन्ही पावलांच्या बाहेरच्या कडेला बधिर. तिला घरी सांगितलेलं होतं, "लहानपणी पडली होतीस." मानेच्या बाजूचा व्रण, पोटरीवरची रेघ आणि न वळणारा हात हे एकाच गोष्टीचे भाग आहेत, हे तिला माझ्या टेबलावर कळलं. ती आईवर चिडली नाही, फक्त म्हणाली, "मग कागद असतील ना?" कागद होते, गावी, ट्रंकेत. ऑपरेशनची नोट वाचता येत होती. ईएमजीचा, म्हणजे नसा-स्नायूंच्या तपासणीचा, आलेख पुसट झाला होता, कारण तो कागदच तसा असतो. तुम्ही आजच फोटो काढून ठेवा: कुठली मुळं तुटली होती, कुठून किती नस घेतली, कुठे जोडली, पुढं कुठला स्नायू फिरवला, आणि वर्षातून एकदा हात वर, हात तोंडाशी, हात मानेमागे, तळवा वर, असा एक छोटा व्हिडिओ.

तिनं सगळं मोबाइलमध्ये घेतलं. मग पहिला प्रश्न मला विचारला, आईकडे न बघता: पोहायला चालेल का? चालेल. फ्रीस्टाइलला खांदा अडेल, ब्रेस्टस्ट्रोकनं सुरू कर, आणि तलावावरच्या सरांना पहिल्याच दिवशी हात दाखव.